दारूचे व्यसन आणि वैवाहिक जीवन

दारूच्या व्यसनाचा पती-पत्नीच्या नात्याशी, विभक्त राहण्याशी व घटस्फोटाशी असलेला संबंध. हा संबंध दुहेरी आहे: पिण्याने संसार मोडतो, आणि मोडत्या संसारात पिणे वाढतेही. ‘लग्न झालं की सुटेल’ या भरवशावर पिणाऱ्या मुलाचे दोनाचे चार हात करण्याची रीत पुणे परिसरातही आढळते. बोहल्यावर चढल्याने व्यसनाचा आजार बरा होत नाही. न विचारता सुनेच्या गळ्यात त्याची शुश्रूषा मात्र पडते.

पगार दारूत जाणे, शिवीगाळ व मारहाण हे परिणाम सर्वपरिचित आहेत. संशयाची चर्चा त्यामानाने कमी होते. दीर्घकाळ पिणाऱ्या काहींना पत्नीच्या चारित्र्याविषयी भ्रम जडतो. ती कामावरून उशिरा आली, फोनवर हसली, एवढे निमित्त पुरते. मग तिचा मोबाइल तपासणे, पाळत ठेवणे सुरू होते. यात हिंसेचा धोका मोठा असून दारू सुटल्यावरही काहींचा भ्रम टिकून राहतो, म्हणून त्यावर मानसोपचार वेगळे करावे लागतात.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ नुसार व्यसन हे घटस्फोटाचे स्वतंत्र कारण नाही. पुण्यात शिवाजीनगर येथील कौटुंबिक न्यायालयात असे अर्ज बहुधा क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग या कारणांखाली जातात. नवरा पितो एवढे सांगून भागत नाही. त्या पिण्याने काय सोसले ते दाखवावे लागते. शेजारी सगळे ऐकतात, पण साक्षीला सहसा कोणी येत नाही. मग पोलीस चौकीतली जुनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद), दवाखान्याचे केसपेपर असे कागद कामी येतात. कौटुंबिक हिंसाचार कायद्याने (२००५) घटस्फोट न घेताही राहत्या घराचा हक्क, संरक्षण व खर्च मागता येतो. मुलांची शाळा आणि भाड्याची खोली यांचा हिशेब करणारीला हा मार्ग जवळचा वाटतो. कित्येक जणी तर कोर्टाची पायरी न चढता वर्षानुवर्षे माहेरी राहतात. घटस्फोटांच्या आकड्यांत त्या दिसत नाहीत.

येरवड्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले. तेथे रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. व्यसनी व्यक्तींच्या कुटुंबीयांची अल-अ‍ॅनॉन ही संघटनाही (स्थापना १९५१) याच धर्तीची. अशा गटांत पत्नीला नवऱ्याच्या पिण्याची जबाबदारी अंगावरून उतरवायला शिकवतात: साहेबांना ‘ताप आलाय’ असा फोन न करणे, त्याची उधारी न फेडणे. सासरचे याला निष्ठुरपणा म्हणतात.

दारू सुटल्यावर नवे खटके उडतात. इतकी वर्षे व्यवहार पत्नीने पाहिलेला असतो. आता तो एटीएम कार्ड परत मागतो, मुले मात्र सहलीच्या पैशासाठी आईकडेच जातात. ‘स्लिप’ होण्याची, म्हणजे पुन्हा प्यायला लागण्याची भीतीही असतेच, त्यामुळे घरी यायला उशीर झाला की ती त्याच्या तोंडाचा वास घेते आणि तो चिडतो. यासाठी उपचारानंतरही दोघांचे एकत्र समुपदेशन चालू ठेवतात.