सैनिकाच्या मागे राहिलेल्यांचा हक्क: निमे वेतनापासून आजपर्यंत

नोव्हेंबर २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयानं एक छोटा आदेश काढला. शौर्यपदक मिळालेला सैनिक वारला की पदकाबरोबरचा मासिक भत्ता त्याच्या पत्नीला मिळतो. तिनं दुसरं लग्न केलं तर तो बंद व्हायचा. अपवाद एकच होता: लग्न दिराशी केलं असेल तर भत्ता चालू. हा अपवादही १९९५ मध्ये सवलत म्हणून आला. १९७२ च्या मूळ आदेशात पुनर्विवाह म्हणजे भत्ता बंद, एवढंच होतं. २०१७ च्या आदेशानं दिराची ती अट काढून टाकली. म्हणजे बावीस वर्षं, वीरपत्नीनं पुन्हा संसार थाटायचा तर तो कोणाशी, याचं उत्तर सरकारी कागदात लिहिलेलं होतं.

सैनिकाच्या घरच्यांना काय काय मिळतं, याची यादी कुठल्याही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या फलकावर वाचायला मिळते. ती यादी कशी घडत गेली हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. ते पाहिलं तर दोन प्रश्न सतत पुढे येतात: तो नेमका कसा गेला, आणि ती त्याची अजून कोण लागते? तिसरा प्रश्न, जखमी होऊन घरी आलेल्याला उचलतं-बसवतं कोण, हा फार उशिरा विचारला गेला, आणि त्याचं उत्तर अजून अर्धवट आहे.

आपल्याकडे या विषयाची मुळं इंग्रजांच्या आधीची आहेत. कृष्णाजी अनंत सभासदानं १६९४ च्या सुमारास जिंजीला लिहिलेल्या बखरीत प्रतापगडच्या लढाईनंतरची व्यवस्था सांगितली आहे. जे कामास आले त्यांच्या मुलांना चालवायचं ठरलं. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निमं वेतन लावून दिलं. जखमींना जखम पाहून २५ पासून २०० होनांपर्यंत रक्कम दिली. बखर त्या लढाईनंतर पस्तीस वर्षांनी लिहिलेली आहे, त्यामुळे आकडे जपूनच घ्यावेत. पण पडलेल्याच्या घराला महिन्याची सोय आणि जखमेच्या मानानं मदत, ही विभागणी तेव्हाच्या लिहिणाऱ्याला सहज सुचत होती, हे महत्त्वाचं. पुढे मराठी कारभारात यासाठी स्वतंत्र शब्दच रूढ झाला: बालपरवेशी. युद्धात पडलेल्या शिपायाच्या मुलांच्या पालनासाठी दिलेली नेमणूक किंवा इनाम. शब्द फारसीतल्या ‘परवरिश’वरून आलेला. आज मंत्रालयात हा शब्द कोणाला आठवत नसेल, याचं मला वाईट वाटतं. ‘सानुग्रह अनुदान’पेक्षा तो कितीतरी जिव्हाळ्याचा आहे.

इंग्रजी अमलात ही व्यवस्था कागदावर आली, आणि कागदाबरोबर कागदाच्या अटीही आल्या. पहिल्या महायुद्धात सुमारे १३ लाख हिंदी माणसं लष्करी कामावर गेली, ७४ हजारांहून अधिक परत आली नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या एकाच गावातले ४६ जण त्यात मारले गेले. त्यातल्या कित्येक घरांनी परदेशातलं ते रणांगण नकाशावरही पाहिलेलं नव्हतं. एवढ्या मोठ्या संख्येनं विधवा, पोरकी मुलं आणि अधू झालेले शिपाई एकदम समोर आल्यावर सरकारला कायमची यंत्रणा उभी करावी लागली. सप्टेंबर १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झालं. आज आपण ज्याला केंद्रीय सैनिक बोर्ड म्हणतो ते हेच. हे नाव १९७५ मध्ये मिळालं. जिल्ह्याच्या ठिकाणची सैनिक कल्याण कार्यालयं याच साखळीच्या टोकाला आहेत.

जखमींसाठीची सुरुवात मुंबईत झाली. १९१७ मध्ये गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. ती नंतर पुण्यात खडकीला आली आणि अजून चालू आहे. तिच्यामागचा विचार असा की हात किंवा पाय गेलेला माणूस एखादं काम शिकला तर स्वतःचं पोट भरेल. विचार चांगलाच होता. पण जो अंथरुणावरून उठूच शकत नाही त्याचं काय, हे त्यात बसत नव्हतं. त्याला घरी पाठवलं की तो बायकोचा नाहीतर आईचा विषय.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन ठरला. शाळेत असताना छोटा झेंडा छातीला टाचून पैसे दिल्याचं बहुतेकांना आठवत असेल. युद्धात पोरके झालेल्यांचा निधी, ध्वजदिनाचा निधी, अंध सैनिकांसाठीचा निधी असे वेगवेगळे निधी १९९३ मध्ये एकत्र करून आजचा सशस्त्र सेना ध्वजदिन निधी झाला. हा पैसा मदतीचा आहे, हक्काचा नाही. या दोहोंतला फरक सैनिकांच्या घरातल्या बायकांना फार लवकर कळतो. मदतीसाठी अर्ज करावा लागतो आणि वाट पाहावी लागते. हक्क पेन्शनच्या कागदावर, पीपीओवर, छापलेला असतो.

हक्काच्या बाजूचं मोठं वळण १९७१ च्या युद्धानंतर आलं. फेब्रुवारी १९७२ मध्ये संरक्षण मंत्रालयानं युद्धात कामी आलेल्यांच्या कुटुंबांसाठी ‘लिबरलाइज्ड’ म्हणजे उदार पेन्शनचा आदेश काढला. त्याच वर्षी दिल्लीत व्ही. मोहिनी गिरी यांनी वॉर विडोज असोसिएशन स्थापन केली. लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शनमध्ये नवऱ्याच्या शेवटच्या पगाराइतकी पूर्ण रक्कम पत्नीला मिळते. सभासदाच्या ‘निम्या वेतना’पासून पूर्ण वेतनापर्यंत यायला तीनशेहून जास्त वर्षं लागली.

पण पूर्ण वेतन सगळ्यांना नाही, आणि सगळं अडतं ते इथेच. जानेवारी २००१ च्या आदेशानं मृत्यूचे ‘ए’ ते ‘ई’ असे पाच प्रकार केले. नोकरीशी संबंध नसलेल्या आजारानं वा कारणानं गेला तर ‘ए’: साधी फॅमिली पेन्शन, शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. नोकरीमुळे झालेला वा बळावलेला आजार ‘बी’, ड्यूटीवरचा अपघात ‘सी’: स्पेशल फॅमिली पेन्शन, ६० टक्के. अतिरेक्यांचा हल्ला आणि तत्सम हिंसा ‘डी’, शत्रूशी लढताना ‘ई’: पूर्ण पगार. शेवटचा पगार ५० हजार असेल तर एका घरी १५ हजार, दुसऱ्या घरी ३० हजार आणि तिसऱ्या घरी ५० हजार, त्यावर महागाई भत्ता. साध्या पेन्शनला पहिली दहा वर्षं ५० टक्क्यांचा वाढीव दर आहे. पण तो मिळायला नवऱ्याची किमान सात वर्षं नोकरी झालेली असावी लागे. म्हणजे ज्याची नोकरी सगळ्यात कमी, त्याची बायको सगळ्यात तरुण, पोरं सगळ्यात लहान, आणि तिलाच कमी. ही अट निघाली ती १ ऑक्टोबर २०१९ पासून.

छावणीच्या भाषेत याला दोन शब्द आहेत: बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईच्या कामात गेलेला, आणि फिजिकल कॅज्युअल्टी, म्हणजे इतर कारणानं गेलेला. माणूस गेल्यावर काही दिवसांत त्याच्या नावापुढे यातलं एक लिहिलं जातं आणि त्या एका नोंदीवर घराचं पुढचं सगळं आयुष्य बेतलं जातं. नियंत्रण रेषेवर गस्त घालताना बर्फात हृदय बंद पडून गेलेला जवान कोणत्या रकान्यात? जानेवारी २०१३ मध्ये असंच घडलं. मृत्यू आधी बॅटल कॅज्युअल्टी म्हणून नोंदला गेला, नंतर ती नोंद बदलून फिजिकल कॅज्युअल्टी केली गेली. त्याची पत्नी सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेली आणि जिंकली. केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं सरकारचं अपील फेटाळलं, तिला या न्यायालयापर्यंत ओढायलाच नको होतं असं म्हटलं आणि ५० हजार रुपये खर्चापोटी द्यायला लावले. जवान जाऊन तोवर जवळपास बारा वर्षं झाली होती.

मृत्यूच्या नोंदीआधी लग्नाचीही नोंद लागते. युनिटमध्ये ‘पार्ट टू ऑर्डर’, म्हणजे सैनिकाच्या घरच्या बाबींची अधिकृत नोंद, निघाली नाही तर पत्नी असूनही कागदावर ती कोणीच नसते. पोराचा जन्म, बायकोच्या नावातला बदल, घटस्फोट, सगळं त्यात यावं लागतं. लग्नाआधीची आडनावं, आधार कार्डावरचं एक अक्षर, शाळेच्या दाखल्यावरची वेगळी जन्मतारीख, यांत पेन्शन अडकते. आता पेन्शनसाठी ‘स्पर्श’ नावाची संगणकीय पद्धत आली आहे. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला मोबाईलवरून देता येतो, पण ज्या म्हातारीच्या बोटांचे ठसे शेतात झिजून गेले तिला शेवटी कोणाचा तरी हात धरून जावंच लागतं.

आईवडील आणि सून यांच्यातला ताणही याच कागदांतून येतो. लग्नाआधी ‘नेक्स्ट ऑफ किन’, म्हणजे कागदावरचे सर्वात जवळचे नातलग, आईवडील; लग्नानंतर पत्नी. २०२४ मध्ये कीर्तिचक्र मिळालेल्या एका शहीद कॅप्टनच्या आईवडिलांनी हा नियम बदलण्याची उघड मागणी केली आणि देशभर वाद झाला. त्यात बरंच बोलणं त्या तरुण विधवेच्या चारित्र्यावर घसरलं, ते फार क्लेशकारक होतं. आईवडिलांचं दुःख आणि म्हातारपण खरं आहे. त्यावरचा उपाय त्यांचा वेगळा वाटा ठरवणं हा आहे. सुनेवर पहारा ठेवणं नव्हे. दिराशी लग्नाची जुनी अट याच पहाऱ्यातून आली होती: पैसा घराबाहेर जाऊ नये. आता पाहा, केंद्रीय सैनिक बोर्ड विधवेच्या पुनर्विवाहासाठी स्वतःच अनुदान देतं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते ५० हजारांवरून १ लाख रुपये झालं.

एकरकमी मदत मात्र झपाट्यानं वाढली, आणि ती कारगिलनंतर. दूरदर्शनच्या पडद्यावर गावोगावी येणाऱ्या शवपेट्या लोकांनी पहिल्यांदाच पाहिल्या. केंद्राचं सानुग्रह अनुदान सातव्या वेतन आयोगानंतर प्रसंगानुसार २५ ते ४५ लाखांपर्यंत गेलं. महाराष्ट्रानं शहिदांच्या कुटुंबाला १ कोटी रुपये द्यायचं ठरवलं. पैशापलीकडचंही काही घडलं. साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईच्या अकादमीतून सप्टेंबर २०१७ मध्ये स्वतः लष्करी अधिकारी होऊन बाहेर पडल्या. त्यांना वयाची अट शिथिल करून मिळाली होती.

आता तो तिसरा प्रश्न. खडकीला १९७४ मध्ये पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झालं, कमरेखालचा किंवा मानेखालचा भाग निकामी झालेल्या सैनिकांसाठी. तिथं चाकाच्या खुर्चीवरून काम करणारे, खेळणारे, तोंडात कुंचला धरून चित्रं काढणारे सैनिक भेटतात. पण तिथल्या जागा मोजक्या; बाकीचे घरी. मणक्याला इजा झालेल्या माणसाची कूस दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची नळी, शौच, आंघोळ, ताप आला तर दवाखाना. हे काम कोणाची तरी बायको, आई, वहिनी वर्षानुवर्षं करते.

यासाठी नियमांत एक तरतूद आहे: कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स. शंभर टक्के अपंगत्व आणि सतत सोबतीची गरज असल्याचा वैद्यकीय मंडळाचा शेरा, असं दोन्ही असेल तर तो मिळतो. सहाव्या वेतन आयोगानं तो महिना ३ हजार केला, पुढे महागाई भत्त्याबरोबर तो ४,५०० झाला आणि जुलै २०१७ पासून ६,७५०. म्हणजे तेव्हा दिवसाला सव्वादोनशे रुपये. पुण्यात किंवा मुंबईत चोवीस तासांची आया या पैशात महिनाभर मिळत नाही, म्हणजे हा भत्ता घरच्या बाईनं राबायचं हे गृहीत धरूनच बेतलेला आहे. तो सैनिकाच्या पेन्शनमध्ये जमा होतो. सांभाळणारीचं नाव कुठं लागत नाही, तिला सुट्टी नाही, तिच्या पाठदुखीचा खर्च या भत्त्यात कुठं धरलेला नाही. माणूस गेला की भत्ता त्याच महिन्यात थांबतो, आणि मग त्याचा मृत्यू त्या जुन्या जखमेमुळेच झाला का, हा प्रश्न पुन्हा नव्यानं उभा राहतो, कारण त्यावरच तिच्या पेन्शनचा दर ठरणार असतो.

अमेरिकेनं २०१० मध्ये कायदा करून जखमी सैनिकाला सांभाळणाऱ्या घरच्या माणसालाच मासिक रक्कम, प्रशिक्षण, आरोग्यविमा आणि मधूनमधून विसाव्याची सोय द्यायला सुरुवात केली. आधी फक्त २००१ नंतरच्या युद्धांतल्या जखमींसाठी, मग टप्प्याटप्प्यानं २०२२ पर्यंत सर्व काळातल्या. तिथंही कोणाला पात्र धरायचं यावरून पुष्कळ भांडणं झाली. पण सांभाळणारी व्यक्ती कायद्यात स्वतःच्या नावानं आली, हा फरक मोठा आहे.

आपल्याकडे याच काळात उलट दिशेनं एक पाऊल पडलं. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली: सैनिकाला ‘अग्निवीर’ म्हणून फक्त चार वर्षांसाठी भरती करणारी. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनवर कर्तव्यावर असताना गेला. त्याच्या आईवडिलांना ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान, उरलेल्या नोकरीचा पगार अशा रकमा देय होत्या. फॅमिली पेन्शन नाही, कारण अग्निवीराला पेन्शनच नाही. आणि ड्यूटीवर शंभर टक्के अपंग झालेल्या अग्निवीरालाही एकरकमी ४४ लाख आणि उरलेल्या काळाचा पगार आहे, पण अपंगत्व पेन्शन नाही. ती नाही म्हणून तिच्याबरोबर येणारा तो सोबतीचा भत्ताही नाही. योजनेत भरतीचं वय साडेसतरापासून सुरू होतं. त्या वयात मणका मोडलेल्या मुलाला घरी आणलं तर त्याची कूस बदलणारी आई तेव्हा जेमतेम चाळिशीची असते.