लेझर प्रिंटर, जुना : नेटवर्क-जोडणी

पॅरलल पोर्ट, सुरुवातीचा यूएसबी किंवा जुने इथरनेट कार्ड एवढीच सोय असलेला लेझर प्रिंटर आजच्या लॅनवर वा वायफायवर आणून अनेक संगणकांवरून वापरण्याची पद्धत. यंत्र जितके जुने तितकी जोडणी कठीण, असा समज आहे. तो फारसा टिकत नाही. पानाची मांडणी प्रिंटर स्वतः करतो की संगणकाकडून करवून घेतो, हा मुद्दा अधिक निर्णायक ठरतो.

उगम : नेटवर्कवरील लेझर छपाईचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. लेझर प्रिंटरची कल्पना झेरॉक्समधील गॅरी स्टार्कवेदर यांची, साधारणतः 1969 च्या सुमाराची. 1971 मध्ये ते पालो आल्टो येथील ‘पार्क’ संशोधन केंद्रात आले आणि त्या दशकाच्या पूर्वार्धातच तेथील प्रिंटर इथरनेट या तारेच्या जाळ्यावरून तेथीलच आल्टो संगणकांना जोडला गेला. बाजारात विकले गेलेले यंत्र हा निकष लावणारे 1985 चा ॲपल लेझररायटर पुढे करतात, सेकंदाला 230.4 किलोबिट वेगाच्या लोकलटॉक या ॲपलच्या जाळ्यावरून अनेक मॅकिंटॉश तो वापरू शकत. कार्यालयीन इथरनेटला महत्त्व देणारे 1991 चा एचपी लेझरजेट थ्री-एसआय आणि त्यातील जेटडायरेक्ट हे नेटवर्क-कार्ड यांपासून सुरुवात मानतात. कालक्रमाने पाहता पार्कचा दावा अधिक सबळ दिसतो. तथापि दुरुस्तीच्या टेबलावर आज येणारी यंत्रे बहुधा जेटडायरेक्टच्या परंपरेतली असतात.

संवादाचे नियम : बर्कली युनिक्समधून आलेली, छपाईची कामे नेटवर्कवरून पाठवण्याची एलपीडी पद्धत ऑगस्ट 1990 मध्ये आरएफसी 1179 या इंटरनेट-नियमांच्या दस्तऐवजात नोंदली गेली. तिचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरील दाराचा क्रमांक, 515. तीत एक मेख होती. पाठवणाऱ्या संगणकाने स्वतःकडचा 721 ते 731 यांपैकीच पोर्ट वापरावा, अशी अट होती. म्हणजे एकूण अकरा. एकदा वापरलेला पोर्ट टीसीपी ही नेटवर्कवरील संवादाची मूळ पद्धत लगेच मोकळा करत नाही, त्यामुळे लहानलहान कामे लागोपाठ पाठवली की बारावे अडून राही. विंडोज एनटीच्या काळातील ‘प्रिंटर मध्येच थांबतो’ अशा काही तक्रारींचे मूळ यात होते. पुढे ही अट सैल झाली. फाइलीचा आकार आधी कळवण्याचा नियम मात्र राहिला. काही जुन्या प्रिंट-सर्व्हरसाठी विंडोजमध्ये ‘एलपीआर बाइट काउंटिंग’समोर खूण करावी लागते ती यामुळेच.

जेटडायरेक्टने रूढ केलेल्या 9100 या पोर्टवर रांग नाही, शीर्षक नाही, परवलीचा शब्दही नाही. आलेले बाइट थेट प्रिंटरकडे जातात. म्हणून तो जोडायला सर्वांत सोपा आणि इंटरनेटवर उघडा ठेवायला सर्वांत धोक्याचा. 1999 नंतरच्या आयपीपी या छपाई-पद्धतीचा पोर्ट 631 आहे. 2010 मध्ये आलेली ॲपलची एअरप्रिंट तिच्यावरच उभी आहे. जुन्या यंत्रांना आयपीपी समजत नाही. कप्स ही छपाई सांभाळणारी प्रणाली चालवणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक मध्ये ठेवल्यास तो फोनकडून काम घेऊन प्रिंटरच्या भाषेत पुढे देतो.

जुन्या जेटडायरेक्ट कार्डाला पत्ता देणारे कोणी सापडले नाही तर ते 192.0.0.192 हा पत्ता धरून बसते. सेल्फ-टेस्टच्या पानावर हा आकडा दिसला, की संगणकाला तात्पुरता त्याच पट्ट्यातील पत्ता देऊन कार्डात शिरायचे आणि राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या (डीएचसीपी) पट्ट्याबाहेरचा कायम पत्ता भरायचा. नव्या 2.5 गिगाबिटच्या काही पोर्टांना जुन्या कार्डांचा 10 मेगाबिटचा वेग चालत नाही. तेथे साधा 10/100 स्विच मध्ये घालावा लागतो.

प्रिंटरची भाषा : 1992 चा लेझरजेट 4 पीसीएल ही पान वर्णन करणारी भाषा समजतो, पान स्वतः रचतो, पॅरलल-इथरनेट डबी लावली की काम भागते. त्याहून बऱ्याच नंतरचा, 12ए काडतुसाचा लेझरजेट 1020 मात्र अडून बसतो. त्याचे फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारी आज्ञावली, प्रिंटरमध्ये कायम राहत नाही, प्रत्येक वेळी सुरू करताना संगणकाने ते चढवावे लागते. साध्या यूएसबी प्रिंट-सर्व्हरला हे जमत नाही. वीज जाऊन आली की प्रिंटर चालू दिसतो, पण कागद ओढत नाही. कॅनन एलबीपी 2900 ची कॅप्ट पद्धतही अशीच संगणकावर विसंबून असते. या दोन्हींसाठी यूएसबीने जोडलेला एक संगणक कायम चालू ठेवणे हाच खात्रीचा मार्ग.

त्या मार्गातही अडथळे आहेत. सप्टेंबर 2021 मधील विंडोजच्या सुरक्षा-अद्ययावतानंतर शेअर केलेल्या प्रिंटरवर शेवटी ‘11बी’ येणारी त्रुटी सर्वत्र दिसू लागली. रजिस्ट्री या विंडोजच्या सेटिंग-साठ्यातील एक नोंद बदलून ती घालवण्याची पद्धत पडली आहे. संरक्षण उतरवून मिळवलेली ही सोय आहे, हे ग्राहकाला क्वचितच सांगितले जाते.

देवनागरी मजकूर : या प्रिंटरांत देवनागरी अक्षरे अंगभूत नसतात. मजकूर उतरवलेल्या फाँटच्या किंवा चित्राच्या रूपात जातो, त्यामुळे स्मृती लवकर संपते. इंचाला 600 ठिपक्यांच्या घनतेने अख्खे ए4 पान न दाबता सुमारे 4 एमबी होते. लेझरजेट 4 ची मूळ स्मृती 2 एमबी. ‘20 मेम ओव्हरफ्लो’ दिसल्यास 300 ठिपक्यांवर उतरावे. तेवढ्यात पान 1 एमबीच्या आसपास येते.

नागपूर : उच्च न्यायालयाचे खंडपीठ व जिल्हा न्यायालय यांच्या आसपासची वकिलांची कार्यालये, टंकलेखक आणि झेरॉक्सची दुकाने येथे जुनी यंत्रे टिकून आहेत, टोनर रिफिल आणि सुटे भाग सीताबर्डीत मिळतात. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, तर अनेक लेझरजेटांसाठी कामाची मर्यादा 32.5 अंश दिलेली असते. त्यात कूलरच्या झोतात ठेवलेला कागद ओल धरतो, वळतो आणि अडकतो. ‘नेटवर्कवरून प्रिंट येत नाही’ म्हणून बोलावलेल्या कारागिराने आधी मागचे झाकण उघडून पाहावे, मग केबल तपासावी.