मोहाची रोपं मोजताना

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया किंवा मेळघाटातल्या मुलांना जंगल दाखवायला न्यावं लागत नाही. मोहफुलं वेचायला, तेंदुपत्ता तोडायला, सरपणाला ती आईबापासोबत जातच असतात. शाळेचं काम वेगळं आहे: रोज पाहिलेलं जंगल मोजायला शिकवणं.

त्यासाठी दहा मीटर बाय दहा मीटरची एक चौकट पुरते. 40 मीटर नायलॉनची दोरी, चार खुंट्या, शिंप्याची टेप, आणि 137 सेंटिमीटरवर खूण केलेली काठी. सुतळी टाळावी, दवात भिजली की तिची लांबी बदलते. काटकोनासाठी कोपऱ्यापासून एका बाजूला 3 मीटर, दुसऱ्या बाजूला 4 मीटर मोजा. दोन्ही खुणांमधलं अंतर 5 मीटर भरलं पाहिजे. शेवटी दोन्ही कर्ण मोजा, प्रत्येकी सुमारे 14.14 मीटर. कर्ण सारखे नसतील तर चौकट तिरकी आहे आणि क्षेत्रफळ शंभर चौरस मीटरपेक्षा कमी भरतंय.

जागा मुलांना निवडू देऊ नये. ती हमखास मोकळी, सावलीची जागा धरतात आणि मोजमाप तिथेच फसतं. पायवाटेवर दर 50 पावलांनी थांबून, वीस पावलं आत जाऊन चौकट आखावी. तीस मुलांचे पाच गट केले की पाच चौकटी होतात. वाघाचा वावर असलेल्या भागात वनरक्षक सोबत असल्याशिवाय जाऊ नये, आणि उजाडल्या-उजाडल्या किंवा सांजवेळी तर नाहीच. रोपं उपटायची नाहीत.

मोजायचे तीन वर्ग. काठीच्या खुणेपेक्षा बुटकं ते रोप. त्याहून उंच, पण खुणेपाशी घेर 30 सेंटिमीटरपेक्षा कमी, ते पोरगेलं झाड. 30 किंवा जास्त घेराचं ते मोठं झाड. टेप तिरकी गुंडाळली की घेर वाढीव येतो. उतारावर काठी वरच्या बाजूला टेकवावी. दोरीवरच उभी असलेली झाडं चौकटीच्या फक्त दोन लगतच्या बाजूंवर मोजायची, उरलेल्या दोन बाजूंवर सोडायची. नाहीतर संख्या फुगते. घेराला 3.14 ने भागून व्यास काढताना वर्तुळाचा धडाही होऊन जातो.

रोप ओळखणं मात्र मोठ्या झाडापेक्षा अवघड. पळसाला पाने तीनच, हे मुलांना ठाऊकच असतं. सागाचं कोवळं पान बोटांत चोळलं की बोटं लाल होतात. मोहाचं पान देठापाशी मोडलं की पांढरा चीक येतो. तेंदूला येत नाही. इथे एक चूक हटकून होते. तेंदूचं म्हणून मोजलेलं रोप पुष्कळदा बीजापासून उगवलेलं नसतंच. जुन्या मुळावरून तो कोंब फुटलेला असतो. बुडाशी माती दोन बोटं बाजूला केली की आडवं मूळ दिसतं. तोडलेल्या सागाच्या बुंध्याचे फुटवेही असेच वेगळे लिहावेत.

वर्गात प्रत्येक जातीचा स्तंभालेख काढावा: रोपं, पोरगेली, मोठी. जी जात नीट टिकून आहे तिचे स्तंभ जिन्यासारखे उतरत जातात. मोहाचा जिना बऱ्याच ठिकाणी उलटा निघतो: मोठी झाडं आहेत, पोरगेली जवळपास नाहीत. तेंदूचे कोंब मात्र दाट असतात. दोन्हीमागे आगीचा हात असू शकतो. फुलं सहज वेचता यावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा जाळतात, त्यात मोहाची रोपं जळतात; तेंदू मात्र जमिनीखालच्या मुळावरून पुन्हा फुटतो. शिक्षकांनी इथे वेचणाऱ्यांना दोष देऊ नये. फुलं म्हणजे घरातला पैसा आहे. पाचोळा खराट्याने ओढून किंवा झाडाखाली जुन्या साड्या पसरून काम भागतं का, हे मुलांनी घरी विचारून यावं.

मोहाची पोरगेली झाडं कमी असण्याचं दुसरं कारण, म्हणजे बी लवकर निकामी होणं, कुंडीत तपासता येतं. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा मोहाचं ताजं बी मिळतं. वीस ताज्या बिया लगेच दोन सेंटिमीटर खोल पेराव्यात. वीस बिया कोरड्या ठेवून ऑगस्टमध्ये त्याच मातीत, त्याच व्हरांड्यात, तेवढ्याच खोल पेराव्यात. मोहाच्या बियांची उगवणशक्ती काही आठवड्यांतच घटते, त्यामुळे दुसऱ्या कुंडीत फारच कमी कोंब दिसतात. पाणी साचलं तर ताजं बीही कुजतं आणि निष्कर्ष चुकतो, म्हणून कुंडीच्या बुडाला भोक हवं. कुंड्यांवर जाळी घाला, खारी बी उकरतात.

त्याच चौकटीत सप्टेंबरमध्ये सापडलेल्या प्रत्येक मोहरोपाशेजारी काडी रोवून तिला रंगीत चिंधी बांधावी. जानेवारीत पुन्हा जाऊन किती उरली, आणि गेलेली चरली गेली, जळली की वाळली, हे वहीत वेगवेगळं लिहावं.