बालदंतचिकित्सा आणि दंतविमा (ठाणे व नवी मुंबई)

बालदंतचिकित्सा ही तान्ह्या बाळापासून किशोरवयापर्यंतच्या मुलांचे दात, हिरड्या आणि जबडा यांची काळजी घेणारी दंतवैद्यकाची शाखा. दंतविमा म्हणजे अशा उपचारांच्या खर्चासाठी आधीपासून हप्ता भरून ठेवण्याची सोय. ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात पहिल्या गोष्टीला तोटा नाही. दुसरी मात्र बरीचशी नावापुरती आहे. मुलांच्या दातांना जे सर्रास होते ती कीड बहुतेक आरोग्य विम्यांच्या बाहेर राहते, आणि क्वचित होणारा अपघात तेवढा आत असतो. घरात हे दोन्ही विषय एकदमच निघतात, तेही बहुधा दाढ ठणकू लागल्यावर, रात्री अकराच्या सुमारास.

दुधाचे दात

दुधाचे दात वीस. सहाव्या महिन्याच्या आसपास खालचे पटाशीचे दोन दात दिसू लागतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. क्रम थोडा पुढेमागे होतो. वरचे दात आधी आले तर मामाला जड जाते, असा एक जुना समज आहे. दंतवैद्यकाला या दोहोंतला संबंध अजून सापडलेला नाही. पडलेला दात शेणात घालून छपरावर फेकण्याची रीतही जुनी. घोडबंदर रोडवरच्या विसाव्या मजल्यावर ना शेण मिळत ना छप्पर, त्यामुळे आता तो दात आईच्या दागिन्यांच्या डबीत जातो.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून घरात कोणाला पत्ता लागत नाही. तीही दुधाचीच असेल असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि ती किडते. ही दाढ आयुष्यभर पुरायची असते. दुधाच्या दाढाही वाटतात तितक्या तात्पुरत्या नसतात. शेवटच्या दाढा दहा ते बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेवर मुलाला आणखी सहा-आठ वर्षे जेवायचे असते. ‘दुधाचेच आहेत, पडणारच’ हे वाक्य दवाखान्यात रोज ऐकू येते आणि त्याची किंमत नंतर कळते.

दुधाच्या दाताचे वरचे कवच पातळ आणि आतली नस जवळ असते. त्यामुळे मोठ्यांच्या दाताला जे वर्षभरात होते ते इथे काही महिन्यांत होते. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात, खालच्या कायमच्या दाताला वाट उरत नाही आणि तो वाकडा येतो. तारांच्या उपचारांतल्या काही प्रकरणांची सुरुवात अशा एखाद्या लवकर उपटलेल्या दाढेपासून झालेली असते.

कीड कशी लागते

दातावर चिकटलेले जिवाणू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. दर खाण्यानंतर साधारण वीस-तीस मिनिटे हे आम्ल कवचातली खनिजे विरघळवते. मग लाळ ती हळूहळू परत भरते. म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले याला महत्त्व अधिक. जेवणानंतर एकदाच खाल्लेली पुरणपोळी दुपारभर थोड्याथोड्या वेळाने तोंडात जाणाऱ्या बिस्किटांपेक्षा दातांना कमी त्रास देते. लहानग्यांत सर्वांत वाईट सवय म्हणजे झोपताना तोंडात दुधाची बाटली. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांभोवती साचते आणि वरचे पुढचे चार दात आधी पांढुरके, मग तपकिरी होत जातात. पांढुरक्या टप्प्यावर कीड थांबवता येते. पण त्या टप्प्यावर दुखत नाही, म्हणून कोणी मुलाला दाखवायला आणत नाही.

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या ५१.९ टक्के आणि बारा वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. म्हणजे निम्म्याहून अधिक. हा आकडा विम्याच्या भागात पुन्हा उपयोगी पडेल.

पहिला दात आला की मऊ ब्रश सुरू करावा. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशभर पेस्टची नागमोडी रेघ दाखवतात, तेवढी मुलांना कधीच लागत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनी फिरवावा. तोवर मुलाचा हात नीट वळत नाही. दंतवैद्याकडे पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी अशी शिफारस आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट आणि टूथब्रशवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. मुलांच्या दातांवरच्या खर्चात सरकारकडून सर्वांना सरसकट मिळालेली सवलत म्हणावी तर ही.

खुर्चीवरचे उपचार

कीड वरवरची असेल तर दात भरतात. नसेपर्यंत गेली असेल तर नसेचा वरचा भाग किंवा पूर्ण नस काढून औषध भरतात. बोलीत दोन्हींना ‘दुधाच्या दाताचे रूट कॅनाल’ म्हणतात. त्यावर स्टीलची तयार कॅप बसते. पांढरी कॅप दिसायला बरी, पण महाग. दाढ काढावीच लागली तर मोकळ्या जागेत तारेचा छोटा सांगाडा बसवतात, म्हणजे शेजारचे दात सरकत नाहीत. कीड जागीच थांबवणारे चांदी-फ्लोराइडचे औषधही आहे. ते लावायला स्वस्त आणि बिनत्रासाचे आहे, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. मागच्या दाढेला ते चालते. पुढच्या दातांना बऱ्याच आया नको म्हणतात.

दर तीन ते सहा महिन्यांनी फ्लोराइडचा लेप आणि सहाव्या वर्षीच्या दाढेच्या खाचा बुजवणे हे दोन उपचार या सगळ्यांत सर्वांत स्वस्त. विम्याने यांचा खर्च दिला तर पुढची मोठी बिले टळतील असे कोणालाही वाटेल. इथल्या सर्वसाधारण मेडिक्लेममध्ये हेच दोन उपचार बसत नाहीत.

विम्यात काय बसते

दाताचा विमा स्वतंत्रपणे जन्मला तो अमेरिकेत, आणि तोही मुलांसाठी. १९५४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या संघटनेने आणि त्यांच्या मालकांनी चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दातांसाठी सामायिक निधीतून योजना मागितली. त्यातून पुढे तिथले दंतविम्याचे मोठे जाळे उभे राहिले. इकडे नवी मुंबईजवळचे न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. बंदर आले, पण दंतविम्याची ती चाल काही इथे आली नाही.

भारतात मेडिक्लेम आला १९८६ मध्ये, सरकारी विमा कंपन्यांकडून, आणि त्याचा पाया रुग्णालयात दाखल होण्यावर होता. दाताच्या खुर्चीवर चोवीस तास कोणी बसत नाही. एका दिवसात होणाऱ्या उपचारांना नंतर ‘डे केअर’ म्हणून जागा मिळाली, पण विमा नियामकाच्या व्याख्येत एक वाक्य आहे: जे उपचार एरवी बाह्यरुग्ण म्हणून घेतले जातात, ते डे केअरमध्ये धरायचे नाहीत. दात भरणे, नस काढणे, कॅप बसवणे हे सगळे या वाक्यापाशी अडते.

१ एप्रिल २०२० पासून विमा कंपन्यांना विकणे बंधनकारक झालेल्या आरोग्य संजीवनी या प्रमाण (सगळीकडे सारख्याच अटींच्या) पॉलिसीत ‘आजार किंवा इजेमुळे आवश्यक ठरलेले दंतोपचार’ असे शब्द आहेत. ते वाचून पालक हुरळतात. मात्र ते कलम रुग्णालयीन खर्चाच्या मथळ्याखाली येते, त्यामुळे नेहमीच्या दवाखान्यातले बिल तिथे चालत नाही. वादाची खरी जागा वेगळी आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या आठ-दहा दाढा किडलेल्या असतात, ते खुर्चीवर बसत नाही, आणि मग रुग्णालयात पूर्ण भूल देऊन एकाच दिवशी सगळे उपचार करावे लागतात. भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, खाट असे सगळे लागते. तरी दावा मंजूर होईलच असे नाही. अशा वेळी पूर्ण भूल का लागली याचे दंतवैद्याचे लेखी कारण आणि कंपनीची आगाऊ मंजुरी हे दोन कागद हातात असल्याशिवाय तारीख घेऊ नये.

ओपीडीचा, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा, जादा विमा घेतला तर खुर्चीवरचे उपचार बसू शकतात, मात्र मर्यादेत. समजा वर्षाची मर्यादा ५,००० रुपये आहे आणि त्यासाठीचा जादा हप्ता ३,५००. दरवर्षी पूर्ण मर्यादा वापरली तरी फायदा १,५०० रुपयांचा. एखादे वर्ष दात ठणठणीत राहिले तर तोटा ३,५०० रुपयांचा. हिशोब असा तोकडा निघण्याचे कारण वरच्या ५१.९ टक्क्यांत आहे. घराला आग क्वचित लागते, म्हणून अनेकांच्या थोड्या पैशांत एकाचे घर भरून निघते. दाताची कीड निम्म्या मुलांना लागते, आणि असा विमा मुद्दाम घेणाऱ्यांत तर किडलेल्या दातांचीच घरे जास्त. कंपनी खर्च आधीच धरून हप्ता लावते.

नोकरीतला गट विमा या बाबतीत बरा पडतो, कारण त्यात दात चांगले असलेलेही आपोआप येतात. ऐरोली, घणसोली, महापे भागातल्या आयटी कंपन्यांच्या काही गट विम्यांत ओपीडीसाठी ठरावीक रक्कम असते. त्यात मुले धरली आहेत का, दातांसाठी वेगळी उपमर्यादा आहे का आणि ठरलेल्या दवाखान्यातच जावे लागते का, हे एचआरला विचारून घ्यावे. तारा मात्र बहुतेक ठिकाणी सौंदर्योपचार म्हणून वगळतात. तारांचे काम दीड-दोन वर्षे चालते, त्यामुळे दवाखानेच भेटीगणिक पैसे घेतात आणि विम्याविनाही घरचे गणित जुळते.

मॉलमध्ये आणि सोसायटीच्या शिबिरांत विकले जाणारे ‘डेंटल प्लॅन’ किंवा सवलतीचे कार्ड म्हणजे विमा नव्हे. ती त्या दवाखान्याने दिलेली घाऊक सूट असते. दवाखाना बंद झाला की कार्डही संपले.

वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही. प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत स्वतः, जोडीदार आणि मुलांच्या हप्त्यावर २५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. ती हप्त्यावर आहे. दाताच्या डॉक्टरचे बिल जोडून ती मागता येत नाही.

सरकारी सोयी

वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या कामगारांची मुले राज्य कामगार विम्यात (ईएसआय) येतात. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना तो लागू होतो. कामगाराकडून वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के कापले जातात. त्याची रुग्णालये वागळे इस्टेट आणि वाशीत आहेत. इथे दाताचे उपचार वैद्यकीय लाभाचाच भाग आहेत, वेगळा हप्ता नाही. ज्या घरांत ‘आमचा विमा नाही’ असे सांगतात, त्यांतल्या काहींच्या पगारपत्रकावर ही कपात दर महिन्याला छापून येत असते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर दाखल होऊन करायच्या उपचारांवर आहे. दात भरायला तिचा उपयोग नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरहून झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा होणाऱ्या त्याच्या तपासणीत दातही पाहतात. खासगी इंग्रजी शाळांतली मुले या तपासणीच्या बाहेर राहतात.

दंत महाविद्यालये

या भागातला खरा दंतविमा कोणता असे विचारले तर उत्तर रेल्वे रुळांच्या कडेने सापडते. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला येरळा, कामोठ्याला एमजीएम, अशी पाच दंत महाविद्यालये काही स्थानकांच्या अंतरात आहेत. २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्गावर लोकल सुरू झाल्यावर ठाणेकरांनाही ती जवळ आली. तिथल्या बालदंत विभागांत पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. दर खासगी दवाखान्यापेक्षा बरेच कमी असतात. मोबदल्यात वेळ द्यावा लागतो. दवाखान्यात दोन भेटींत होणाऱ्या कामाला इथे चार फेऱ्या पडतात, आणि आईला किंवा बाबांना तेवढ्या सुट्ट्या टाकाव्या लागतात. रोजंदारीवर काम करणाऱ्या घराला हा खर्च दिसतो त्यापेक्षा मोठा असतो.

अपघात

विम्याचे सर्वांत कमी वाद होतात ते इथे. सोसायटीच्या घसरगुंडीवरून पडून किंवा क्रिकेटचा चेंडू लागून दात तुटला आणि मुलाला दाखल करावे लागले, तर बहुतेक पॉलिसी खर्च देतात. नव्या पॉलिसीची तीस दिवसांची प्रतीक्षाही अपघाताला लागू नसते. कायमचा दात मुळासकट निघाला तर तो वरच्या पांढऱ्या भागाने धरावा, मूळ घासू नये, थंड दुधात टाकून अर्ध्या ते एका तासात दंतवैद्याकडे पोचावे. तो परत जागी बसू शकतो. दुधाचा दात निघाला असेल तर तो परत बसवत नाहीत, कारण त्याच्याखाली वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.