पायथॉनची एक्झी आणि गायब डीएलएल

पायथॉनचा प्रोग्राम ज्यानं लिहिला त्याच्याकडे तो सुरळीत चालतो. त्याची एक्झी, म्हणजे पायथॉन न टाकताही चालणारी फाइल, करून क्लायंटच्या कॉम्प्युटरवर टाकली, की कुठे ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ येतो, म्हणजे लागणारं मॉड्यूल (कोडची फाइल) सापडत नाही, कुठे ‘डीएलएल लोड फेल्ड’, म्हणजे विंडोजवरच्या तयार कोडची डीएलएल फाइल उघडत नाही. बरेचजण या दोन्ही एररना एकच औषध देतात: सगळं काढून पुन्हा पिप इन्स्टॉल, म्हणजे पायथॉनच्या लायब्ररी नव्यानं टाकणं. पण पहिली तक्रार पायथॉन करतो, दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. दोघींचा इतिहासही वेगळा आहे.

आधी पहिली. पायथॉनमध्ये इम्पोर्ट, म्हणजे दुसरं मॉड्यूल कोडमध्ये आणणं, ही घोषणा नसून प्रोग्राम चालू असताना पार पडणारी एक कृती आहे. ती अटीत टाकता येते, फंक्शनच्या पोटात ठेवता येते, मॉड्यूलचं नाव ऐनवेळी स्ट्रिंगमधून बनवता येतं. त्यामुळे प्रोग्रामला नेमकं काय काय लागेल, हे तो न चालवता खात्रीनं सांगणं शक्यच नाही. तरी लोकांना एक्झी हवीच होती. पायथॉनच्या सोर्ससोबत ‘फ्रीझ’ नावाचं साधन फार आधीपासून मिळायचं. ते मॉड्यूलचा बाइटकोड (पायथॉननं कोडचं केलेलं मधलं रूप) सी भाषेच्या फायलींत ओतायचं, म्हणजे हाताशी सी कंपायलर लागायचाच. पुढे थॉमस हेलर यांचं पायटूएक्झी, अँथनी टुइनिंगा यांचं सीएक्स फ्रीझ आणि गॉर्डन मॅकमिलन यांचा इन्स्टॉलर आला. आजचा पायइन्स्टॉलर हा या मॅकमिलन इन्स्टॉलरचाच वंशज.

या सगळ्यांची रीत सारखीच. मुख्य स्क्रिप्टपासून निघायचं, बाइटकोडमधल्या इम्पोर्टच्या सूचना वाचायच्या, त्या मॉड्यूलमध्ये शिरून पुन्हा तेच करायचं. स्ट्रिंगमधून केलेला इम्पोर्ट या वाचनात दिसत नाही. सायथॉन या साधनानं कंपाइल केलेल्या, म्हणजे थेट मशीनच्या कोडमध्ये बदललेल्या, मॉड्यूलमधले इम्पोर्टही दिसत नाहीत, कारण तिथे वाचायला बाइटकोडच उरलेला नसतो. डेटाबेसच्या पत्त्यावरून ड्रायव्हर ठरवणाऱ्या, प्लगिन उचलणाऱ्या लायब्ररी इथे हमखास अडकतात. यावर पायइन्स्टॉलरनं काढलेला मार्ग म्हणजे ‘हिडन इम्पोर्ट’ आणि ‘हुक’, म्हणजे ही लायब्ररी दिसली की ही मॉड्यूलही सोबत घे, अशी माणसानं लिहून ठेवलेली माहिती. बाहेरच्या लायब्ररींचे हुक आता वेगळ्या पॅकेजमध्ये असतात आणि त्याच्या नव्या आवृत्त्या येत राहतात. एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती घेतल्यावर एक्झी अचानक मोडली, तर आधी हे हुकांचं पॅकेज अपडेट करून पाहावं. बिल्ड फोल्डरमध्ये ‘वॉर्न’नं सुरू होणारी एक टेक्स्ट फाइल तयार होते, तीही वाचावी, मात्र तिच्यात दिसलेल्या पण न सापडलेल्या मॉड्यूलचीच नावं असतात आणि त्यातली बरीचशी निरुपद्रवी. विंडोजवर लिनक्सची मॉड्यूल नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही. जे दिसलंच नाही, ते मात्र या फायलीतही नसतं.

दुसऱ्या तक्रारीचं मूळ सीमध्ये आहे. पायथॉन स्वतः सीमध्ये लिहिलेला, त्यामुळे विंडोजवर तो ज्या व्हिज्युअल सी या मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरनं बांधला त्याचा रनटाइम (चालताना लागणारी लायब्ररी) सोबत लागतो. पायथॉन २.४ आणि २.५ साठी तो एमएसव्हीसीआर७१.डीएलएल होता. २.६ पासून एमएसव्हीसीआर९० आली, आणि तिच्यासोबत मॅनिफेस्ट (कोणती आवृत्ती हवी ते सांगणारी नोंद) आणि ‘साइड-बाय-साइड’ (एकाच डीएलएलच्या अनेक आवृत्त्या एकत्र ठेवणं) यांचं लचांड. फाइल शेजारी असूनही प्रोग्राम सुरू न होण्याचा तो काळ. ३.५ पासून युनिव्हर्सल सीआरटी, म्हणजे सगळ्यांसाठी एकच सी रनटाइम, आला. विंडोज १० मध्ये तो मुळातच असतो. अपडेट न केलेल्या विंडोज ७ वर मात्र ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’नं सुरू होणारी लांबलचक नावाची डीएलएल गायब असल्याचा निरोप येई. मग लोक कुठल्याशा साइटवरून सुटी डीएलएल उतरवून सिस्टिम फोल्डरमध्ये टाकत. हा उद्योग तेव्हाही धोक्याचा होता, आजही आहे. मायक्रोसॉफ्टचं रीडिस्ट्रिब्युटेबल, म्हणजे या डीएलएलचं अधिकृत पॅकेज, टाकणं हाच सरळ उपाय. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या एक्स्टेन्शनना (पायथॉनला जोडलेल्या कंपाइल केलेल्या मॉड्यूलना) तर एमएसव्हीसीपी१४० लागते, आणि ती पायथॉनच्या अधिकृत इन्स्टॉलरसोबत येत नाही.

‘डीएलएल लोड फेल्ड’ या संदेशाची मोठी खोड म्हणजे तो ज्याचं नाव घेतो ती फाइल बहुधा जागेवर असते. नसते ती तिला लागणारी दुसरी, आणि तिचं नाव विंडोज सांगत नाही. ते शोधायला पूर्वी सगळे डिपेंडन्सी वॉकर वापरत. त्याची शेवटची २.२ ही आवृत्ती २००६ ची. नव्या विंडोजवर ते शेकड्यानं खोट्या लाल खुणा दाखवतं, म्हणून आता त्याच धर्तीचं ‘डिपेंडन्सीज’ हे मुक्त साधन बरं. २०१९ मध्ये आलेल्या पायथॉन ३.८ नं आणखी एक वळण घेतलं: एक्स्टेन्शनला लागणाऱ्या डीएलएल शोधताना पाथ व्हेरिएबल (फायली शोधायच्या फोल्डरांची यादी) पाहणं सुरक्षिततेसाठी बंद झालं आणि फोल्डर कोडमधून नोंदवायची सोय आली. ३.७ पर्यंत नुसत्या पाथच्या जोरावर चाललेले कितीतरी प्रोग्राम तिथे अडले.

लिनक्सवर पेच वेगळा. २०१६ पर्यंत पायपीआय हे पायथॉनच्या लायब्ररींचं भांडार लिनक्सची तयार व्हील (आधीच बांधलेली पॅकेजं) स्वीकारतच नसे, कारण कोणत्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या प्रकारावर) कोणत्या लायब्ररी असतील याचा भरवसा नव्हता. त्या वर्षी मेनीलिनक्स१ आलं. सेंटओएस ५ इतक्या जुन्या सिस्टिमवर बांधा, मोजक्या मूलभूत लायब्ररी गृहीत धरा, बाकीच्या व्हीलमध्येच कोंबा, असा तो करार. कोंबण्याचं काम ऑडिटव्हील करतं. पुढे पाया सेंटओएस ६ आणि मग ७ वर सरकला, आणि नंतर जीलिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची आवृत्ती थेट व्हीलच्या नावातच लिहिण्याची पद्धत पडली.

पायइन्स्टॉलर जीलिबसी सोबत घेत नाही. जुन्या जीलिबसीवर बांधलेलं नव्यावर चालतं, उलट चालेलच असं नाही. उबुंटू २४.०४ वर जीलिबसी २.३९ आहे आणि २०.०४ वर २.३१. म्हणून २४.०४ वर केलेली फाइल २०.०४ वर नेली की ‘जीलिबसी २.३८ नॉट फाउंड’सारखी ओळ दिसते. तिथे अमुक पॅकेज टाका, तमुक टाका असं करून काहीही हाती लागत नाही. ग्राहकांकडची सगळ्यात जुनी सिस्टिम कोणती ते विचारून तिच्यावर, किंवा तशाच कंटेनरमध्ये (कॉम्प्युटरवरच्या वेगळ्या बंदिस्त वातावरणात), फाइल नव्यानं बांधावी लागते.