घोकायच्या इंग्रजी शब्दांची यादी आली कुठून?

अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांत जीआरईचं, म्हणजे अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणासाठी द्यायच्या परीक्षेचं, जाडजूड पुस्तक हाती आलं की त्यातली शब्दयादी जरूर उघडून बघावी. पहिली काही पानं पेन्सिलीने, हायलायटरने रंगलेली दिसतात, नंतरची बहुधा कोरी करकरीत. एमएससाठी अमेरिकेला निघालेल्या आपल्या मुलामुलींच्या एका आख्ख्या पिढीला ‘अबेस, अबॅश, अबेट’ झोपेतही म्हणता येत असे. ‘झेड’पर्यंत पोहोचलेले थोडे. बॅरन्स या प्रकाशनाची ही यादी सुमारे 3,500 शब्दांची होती. क्लासवाल्यांनी तिच्या फोटोकॉपी वाटल्या, पुढे कुणी तिची कार्डं केली, मग त्याची अ‍ॅप आली. पण हेच शब्द का, हा प्रश्न घोकणाऱ्याला सहसा पडत नाही. परीक्षा दोन महिन्यांवर आलेली असताना तो पडावा अशी अपेक्षाही नाही.

इंग्रजीत ‘कठीण शब्द’ नावाचा वेगळा वर्ग निर्माण झाला तो त्या भाषेच्या इतिहासामुळे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. चर्चची लॅटिन होतीच. पुढे सोळाव्या शतकात विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीकमधून शब्द अक्षरशः पोत्याने आणले. आपल्याकडे तद्भव आणि तत्सम असे थर आहेत तसे तिकडेही पडले: घरातले शब्द जुने आणि आखूड, पुस्तकातले लांब आणि परके. थॉमस विल्सन या इंग्रज लेखकाने 1553 मध्येच या ‘दौतीतल्या शब्दां’ची यथेच्छ टिंगल केली होती. टिंगल झाली तरी शब्द राहिले, आणि साध्या वाचकाची अडचण होऊ लागली.

ती अडचण सोडवायला 1604 मध्ये रॉबर्ट कॉड्री या शाळामास्तराने एक लहानसं पुस्तक काढलं. हा पूर्वी पाद्री होता, धर्मखात्याशी बिनसल्यामुळे त्याला पद गमवावं लागलं होतं. इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजीतच देणारा हा पहिला कोश मानला जातो. शब्द जेमतेम अडीच हजार, सगळे ‘अवघड’. पुस्तक कुणासाठी, तर स्त्रिया आणि इतर ‘अशिक्षित’ मंडळींसाठी, म्हणजे ज्यांना लॅटिन शिकवलंच जात नव्हतं त्यांच्यासाठी, असं मुखपृष्ठावरच छापलेलं होतं. वर्णानुक्रम ही गोष्ट इतकी नवी की ‘ए’ने सुरू होणारा शब्द पुस्तकाच्या सुरुवातीला शोधा आणि ‘व्ही’चा शेवटाकडे, हेही कॉड्रीला समजावून सांगावं लागलं. पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज शिल्लक आहे, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात.

कॉड्रीचा हेतू सरळ होता. प्रवचनात, पुस्तकात शब्द अडला तर तो कळावा. पण वीसच वर्षांत वारं फिरलं. हेन्री कॉकरम याच्या 1623 च्या कोशात एक भाग उलटा होता: साधा शब्द आधी, आणि त्याच्या जागी वापरायचा भारदस्त शब्द पुढे. वाचताना अडू नये म्हणून शिकायचे शब्द आता बोलताना छाप पडावी म्हणून शिकायचे झाले. माझ्या मते आजच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी’ची खरी आजी म्हणजे कॉकरमची ती उलटी यादी.

आजीचा पत्ता लागला, पण यादीला दरारा दिला तो अमेरिकेच्या सैन्याने. 1917 मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि लाखो रंगरूटांची झटपट वर्गवारी करायची गरज पडली. मानसशास्त्रज्ञांनी ‘आर्मी अल्फा’ नावाची लेखी चाचणी तयार केली. तिच्यातल्या एका भागात शब्दांच्या जोड्या दिलेल्या असत आणि अर्थ सारखा की उलट एवढंच सांगायचं असे. दुसऱ्या एका भागात शब्दसंबंध ओळखायचे होते, म्हणजे एका जोडीतल्या शब्दांचं जे नातं तेच दुसऱ्या जोडीत जुळवायचं. या कामात असलेल्या कार्ल ब्रिगम याने पुढे महाविद्यालयीन प्रवेशासाठी एसएटी बेतली. 23 जून 1926 रोजी सुमारे आठ हजार मुलांनी ती प्रथम दिली: 97 मिनिटांत 315 प्रश्न, त्यात विरुद्धार्थी शब्दही आणि शब्दसंबंधही. या ब्रिगमने 1923 मध्ये सैन्याच्या चाचण्यांच्या आधाराने वंशावंशांतल्या बुद्धीची उतरंड मांडणारं पुस्तक लिहिलं होतं. 1930 मध्ये ते सारं निराधार असल्याचं त्यानेच छापून मान्य केलं. चाचणी मात्र तोवर रुजली होती.

विरुद्धार्थी शब्दांवर परीक्षकांचा एवढा जीव का जडला, हे इथे नीट पाहायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे. उताऱ्यावरचे प्रश्न काढायला वेळ लागतो आणि सोडवायलाही. विरुद्धार्थी शब्दाचा प्रश्न एका ओळीत मावतो, अर्ध्या मिनिटात सुटतो, उत्तराबद्दल वाद होत नाही आणि यंत्राला तपासता येतो. प्रश्न जितके जास्त तितका गुणांचा भरवसा जास्त, हे चाचणीशास्त्राचं साधं गणित. तेवढ्याच वेळात असे कितीतरी प्रश्न बसतात. आणि एक गृहीतकही होतं, जे त्या काळी अगदीच चूक नव्हतं: दुर्मीळ शब्द ज्याला येतो तो भरपूर वाचलेला असणार. शब्द ही वाचनाची खूण होती. त्यामुळे परीक्षेला शब्द निवडताना तो उपयोगाचा आहे का, हे दुय्यम. काहींना यावा आणि बऱ्याच जणांना येऊ नये, म्हणजे माणसं वेगळी काढता येतील, एवढं पुरे. सर्वांना येणारा शब्द परीक्षकाच्या दृष्टीने वाया गेलेला.

जीआरई 1937 मध्ये सुरू झाली, कार्नेगी फाउंडेशन आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया या विद्यापीठांच्या पुढाकाराने. 1947 मध्ये ईटीएस ही परीक्षा घेणारी संस्था उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी जीआरईही तिच्याकडे आली. तिकडे ब्रुकलिनमध्ये स्टॅन्ली कॅप्लन याने 1938 पासून शिकवण्या सुरू केल्या होत्या, त्यात पुढे एसएटीचीही भर पडली. क्लास आले की यादी येणारच, आणि यादी आली की खुणेचा अर्थ गेला. वाचून शब्द आलेला आणि पाठ करून आलेला, गुणपत्रिकेवर दोघं सारखेच.

याच सुमारास जॉन्सन ओ’कॉनर नावाच्या चाचणीतज्ज्ञाने 1934 मध्ये एका मासिकात लिहिलं की बड्या अधिकाऱ्यांचा शब्दसंग्रह इतरांपेक्षा मोठा असतो. अधिकारी झाल्याने शब्द वाढले, की शब्दांमुळे अधिकारी झाले, की दोन्ही सुखवस्तू घरातल्या पुस्तकांच्या कपाटातून आलं? एवढ्या खोलात खपाऊ साहित्य जात नाही. 1945 पासून रीडर्स डायजेस्टमध्ये विल्फ्रेड फंकचं दरमहा शब्दांचं कोडं येऊ लागलं. 1954 मध्ये त्या मासिकाची भारतीय आवृत्ती निघाली आणि ते आपल्या मध्यमवर्गीय घरांतही पोहोचलं. नॉर्मन लुईसचं 1949 चं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ तर आपल्या फुटपाथांवर आजही वडापावाइतक्या सहज मिळतं. मात्र लुईसला त्या यादीवाल्यांच्या पंक्तीत बसवणं अन्यायाचं होईल. त्याने वर्णानुक्रम सोडून लॅटिन-ग्रीक धातूंवरून शब्दांची कुळं लावली. एक धातू कळला की पाच-सात शब्द आपोआप उलगडतात.

याच्या अगदी विरुद्ध दिशेने जाणारी आणखी एक यादी होती, आणि तिचं मूळ आपल्याच उपखंडात आहे. मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षक ढाक्यात शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात होता. बंगालमधली बहुतेक मुलं शाळा अर्धवट सोडतात आणि तोवर शिकलेलं इंग्रजी त्यांच्या काहीच कामी येत नाही, हे त्याला खटकलं. विमा मध्येच मोडला तरी काही रक्कम हाती येते, तशी शिक्षणालाही ‘सरेंडर व्हॅल्यू’ हवी, असं त्याचं म्हणणं. मग आधी कोणते शब्द द्यायचे? जे सर्वांत जास्त वेळा भेटतात ते. एडवर्ड थॉर्नडाइकने 1921 मध्ये अमेरिकेत शब्द मोजून दहा हजारांची यादी केलीच होती. वेस्टची सुमारे दोन हजार शब्दांची यादी 1953 मध्ये प्रसिद्ध झाली. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली तिच्यापुढची पायरी बांधली: कोणत्याही विद्याशाखेच्या ग्रंथांत वारंवार येणारी 570 शब्दकुळं. अशा ग्रंथांतला जवळजवळ दहावा हिस्सा तेवढ्यात येतो. परदेशी शिकायला जाणाऱ्याला खरं तर ही यादी हवी. पण तिच्यातले शब्द दिसायला साधे, त्यामुळे ती पाठ केल्याचा रुबाब नाही.

पाठांतराचं तंत्र मधल्या काळात सुधारत गेलं. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने 1885 मध्ये विस्मरणाचा आलेख मांडला, लाइटनरने 1972 मध्ये कार्डांच्या पेट्यांची पद्धत (आलेलं कार्ड पुढच्या पेटीत, चुकलेलं मागे) लोकप्रिय केली, 1987 मध्ये पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाकने उजळणीचं वेळापत्रक संगणकाला शिकवलं. घोकंपट्टी शास्त्रशुद्ध झाली. काय घोकायचं ते परीक्षाच ठरवत राहिली.

आणि मग परीक्षेनेच पाठ फिरवली. एसएटीमधून विरुद्धार्थी शब्द 1994 मध्ये गेले. 2001 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी जाहीरपणे सांगितलं की बारा वर्षांची मुलं वर्गात बसून शब्दसंबंधांचा सराव करताना पाहून ते अस्वस्थ झाले होते. त्यांचं विद्यापीठ ही तेव्हा एसएटीची फार मोठी गिऱ्हाईक संस्था होती. 2005 मध्ये शब्दसंबंधही वगळले गेले. धावपटूला मॅरेथॉन तशी वल्हेकऱ्याला ‘रेगाटा’, हा त्या परीक्षेतला प्रश्न तर बदनामच झाला होता, कारण होड्यांच्या शर्यती पाहणारी घरं किती? जीआरईने ऑगस्ट 2011 पासून दोन्ही प्रकार बंद करून वाक्यातल्या गाळलेल्या जागांवर भर दिला. सप्टेंबर 2023 पासून तर सगळी परीक्षाच दोन तासांच्या आत आटोपते. शब्द अजून लागतात, पण वाक्याचा रोख ओळखल्याशिवाय नुसता अर्थ कामाला येत नाही.

आपल्याकडे मात्र जुनी पद्धत सरकारी नोकरीच्या परीक्षांनी जपून ठेवली आहे. स्टाफ सिलेक्शनच्या पदवीस्तरीय परीक्षेत समानार्थी, विरुद्धार्थी, शब्दसमूहाबद्दल एक शब्द हे सगळं विचारलं जातं. सैन्यातल्या अधिकारीपदासाठीच्या सीडीएस परीक्षेतही तेच. एमपीएससीच्या संयुक्त मुख्य परीक्षेतही इंग्रजीच्या भागात शब्दसंग्रह आणि वाक्प्रचार आहेतच. कारणही ब्रिगमच्या काळचंच: उमेदवार लाखांनी, जागा मोजक्या, तपासणी यंत्राने. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत त्यामुळे शब्दयाद्यांना अजून मागणी आहे, आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतून दर हंगामाला नव्या निघतात.