केन्याची जमिनीखालची फुलं

पावसाळ्यात निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत निंदणी करताना केना हाती लागतोच. त्याचं निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, हे सगळ्यांच्या पाहण्यातलं. पण रोप हलकेच उपटून मुळांची माती झटकली, तर बुंध्याशी दोऱ्यासारखे पांढुरके फुटवे दिसतात. त्यांनाही फुलं येतात, मात्र ती कधीच उमलत नाहीत. मिटल्या फुलात पराग कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मादी भागाच्या टोकावर पडतो आणि मातीतच बी धरतं. माशी नको, वारा नको.

कांद्याची तऱ्हा उलटी. डोंगळ्याच्या, म्हणजे कांद्याच्या फुलदांड्याच्या प्रत्येक फुलात पराग आधी झडतो, कुक्षी नंतर तयार होते. त्यामुळे बीजोत्पादन मधमाश्यांवर अवलंबून.

स्वपरागणाचा, म्हणजे स्वतःच्याच परागाने बी धरण्याचा हिशेब संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९४१ साली मांडला. परपरागण करणारं झाड जनुकाची एक प्रत स्वतःच्या बीमधून आणि एक परागावाटे दुसऱ्याच्या बीमधून पुढे धाडतं. स्वपरागण करणाऱ्याच्या बीमध्ये दोन्ही प्रती त्याच्याच, शिवाय बाहेर गेलेल्या परागातून तिसरी. दोनास तीन! तरी सगळ्या वनस्पती या वाटेने गेल्या नाहीत, कारण एकाच झाडाच्या दोन प्रती जुळल्या की दडलेले जनुकीय दोष उघडे पडतात. डार्विनने अकरा वर्षं रोपं वाढवून १८७६ साली दाखवलं, की स्वपरागणाची संतती बहुधा खुजी आणि कमी बी देणारी निघते.

केना दोन्ही वाटा धरून आहे आणि मला तो यासाठीच फार हुशार वाटतो. वरच्या फुलांतून नवी सरमिसळ होऊ शकते. खालचं बी संख्येने कमी पण आकाराने मोठं, त्यामुळे खोलातूनही कोंब वर येतो. तण काढून शेतकरी थकतो, त्याचं एक कारण हेच.

काही वनस्पतींचा तोल मात्र ढळतो आहे. पॅरिसच्या परिसरातल्या रानपॅन्सी या रानटी फुलझाडाचं वीस-तीस वर्षं जपलेलं बी आणि आजचं बी संशोधकांनी शेजारी शेजारी पेरलं. २०२३ साली निष्कर्ष आला: आजची फुलं सुमारे १० टक्के लहान, मध २० टक्के कमी, स्वपरागण वाढलेलं. माश्या घटल्या म्हणून फुलं बदलली असावीत. मध आटल्यावर उरलेल्या माश्यांनी खायचं काय, ही खरी काळजी.

हाच प्रयोग नाशकात व्हायला हवा. सतत फवारणी होणाऱ्या बागेतला केना आणि त्र्यंबकच्या डोंगरातला केना एकाच वाफ्यात लावून वरची-खालची फुलं मोजावीत. महाविद्यालयातल्या मुलांना एका पावसाळ्यात जमेल असं हे काम आहे.